दुखणं गुडघ्याचं, काम मांडीचं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी सुप्याचा. सुपं म्हटलं की पुष्कळांना बारामतीकडचं सुपं आठवतं, शहाजीराजांच्या जहागिरीतलं. आमचं सुपा ते नव्हे. आमचं सुपा पारनेर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्यावर. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे डोंगरावर पवनचक्क्या आणि मधे कांदा, ज्वारी नि पावसाळी वाटाण्याची रानं. याच भागातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३३ वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. आज मात्र मी शिक्षक म्हणून आलेलो नाही. गुडघेदुखीचा एक रोगी म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगायला आलो आहे.

गोष्ट सुरू होते एसटीच्या पायरीपासून. नगरहून परत येत होतो. स्टँडवर गाडी थांबली, मी दारात आलो, डावा पाय खाली सोडला आणि तिथंच अडकलो. सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला नि त्यातून अशी कळ गेली की ना खाली उतरता येई ना वर जाता येई. मागे माणसं खोळंबली. कंडक्टरनं माझा दंड धरला आणि म्हणाला, ‘‘सावकाश, बाबा.’’ मला तोवर सगळे ‘सर’ म्हणायचे. बाबा म्हणणारा तो पहिलाच. दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

खरं तर गुडघा त्याआधी दोन वर्षांपासून दुखत होता. आपल्याकडे गुडघा दुखायला लागला की सगळा गाव डॉक्टर होतो. एकानं निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला. एकानं तेल दिलं. कुणी लोहचुंबकाचा पट्टा आणून दिला. पुण्याच्या मेहुण्यांनी गुडघ्याला चढवायची पिशवी पाठवली. मी सगळं केलं. बरं वाटायचं, नाही असं नाही. पण ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत पुरायचं. मग जास्त दुखलं की गोळी आणि गोळीवर गोळी. शेवटी मी वर्गातली युक्ती स्वतःवर चालवली. गणित सुटत नसेल तर मुलं जे करतात, तेच. ते गणितच सोडून द्यायचं. जिना टाळायला लागलो. फिरणं बंद केलं. मांडी घालून बसणं सोडलं. लग्नाकार्यात खुर्ची शोधायला लागलो. दुखत नाही ना, मग झालं!

इथं मला माझ्या आईबद्दल सांगितलं पाहिजे. तिचे गुडघे १९९६च्या सुमारास दुखायला लागले. उभा जन्म खुरपणी-वेचणीत गेलेला. आम्ही तिघं भाऊ तेव्हा कर्तेसवरते झालो होतो. आम्ही ठरवलं, आईनं आता कष्ट करायचे नाहीत. पाणी जागेवर, ताट जागेवर. एकदा ती मळ्यात यायला निघाली तर मीच रागावलो. ‘‘आता तरी स्वस्थ बस की,’’ म्हणालो. ती बसली. दोन वर्षांत भिंत धरून चालायला लागली. पुढं खाटेवरून उठायला दोघांचा आधार लागायचा. २००४ मध्ये ती गेली, तेव्हा तिच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्याही उरल्या नव्हत्या. आम्ही सगळ्यांना सांगायचो, आईची गुडघेदुखी वाढत गेली. दुखणं किती वाढलं ते मला आज सांगता येणार नाही. पण तिचे पाय आम्हीच वापरू दिले नाहीत, हे आता कळतं. आणि आम्ही ते मायेनं केलं.

एसटीच्या त्या प्रसंगानंतर नगरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी क्ष-किरण फोटो काढला. दिव्यावर धरून दाखवला. म्हणाले, ‘‘झीज आहे, मध्यम स्वरूपाची.’’ मी ऐकलं ते असं : गुडघे गेले. मी थेट विचारलं, ‘‘म्हणजे बदलावे लागणार का?’’ पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हापासून गुडघा बदलता येतो हे खेडोपाडी माहीत झालेलं आहे. डॉक्टर म्हणाले, ‘‘ज्याला खरोखर गरज आहे त्याला त्या शस्त्रक्रियेनं फार आराम मिळतो. तुमची ती वेळ नाही. तुम्ही तीन महिने फिजिओथेरपी करा.’’ आणि चिठ्ठीवर एका फिजिओथेरपिस्टचं नाव लिहून दिलं. औषध एकही नाही!

खरं सांगतो, मी निराश झालो. शंभर-दीडशे रुपयांची औषधं लिहून दिली असती तर जास्त समाधान वाटलं असतं. मी म्हणालो, ‘‘गुडघ्यात इंजेक्शन देतात म्हणे.’’ तेव्हा त्यांनी मला एक माहिती दिली. अमेरिकेत १५६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षभरानं तपासलं तेव्हा फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं नि हालचालही चांगली होती. विज्ञानाचा शिक्षक प्रयोगापुढं काय बोलणार? गेलो.

फिजिओथेरपी म्हणजे भौतिकोपचार. आपल्याकडे ही विद्या तशी नवी नाही. पोलिओनं अधू झालेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता त्या काळात, १९५३ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं तिचं शिक्षण सुरू झालं. आज आमच्या जिल्ह्यातच लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात त्याची महाविद्यालयं आहेत. मी मात्र तोवर ‘मशीनचा शेक देतात ते’ एवढंच समजत होतो.

गेलो तर समोर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची एक मुलगी. साडेचार वर्षं हेच शिकून आलेली. मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, तर ती म्हणाली, ‘‘थांबा काका, आधी या खुर्चीत बसा. हात छातीवर बांधा. आता हात न लावता उठायचं, बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा होतं ते बघू.’’ माझं सात वेळा झालं आणि दम लागला. म्हणाली, ‘‘तुमच्या वयाच्या पुरुषाचं चौदाच्या आसपास व्हायला हवं.’’ आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क दिले, आणि इथं मला निम्मेच पडले.

मग तिनं टेप काढली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटरनं बारीक. मला पत्ताही नव्हता. ती म्हणाली, ‘‘काका, दुखतोय गुडघा, पण आजारी मांडी आहे.’’

तिनं जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा एक जुडगा असतो. त्याचा कंडरा गुडघ्याच्या वाटीवरून जाऊन नडगीच्या हाडाला पकडतो. वाटी तिथं कप्पीसारखं काम करते, ओढ सोपी करते. मी मुलांना तरफ आणि कप्पी फळ्यावर काढून शिकवत होतो, नि दोन कप्प्या माझ्याच पायांत होत्या! पायरी उतरताना शरीराचा भार हळूहळू खाली सोडण्याचं काम हा स्नायू करतो. तो दुबळा झाला की धक्का सरळ सांध्यावर बसतो. सांधा दुखतो म्हणून आपण पाय वापरत नाही. वापरत नाही म्हणून स्नायू आणखी दुबळा होतो. मग सांधा आणखी दुखतो. मी दोन वर्षं ‘जपतोय’ असं म्हणत होतो, ते हेच रहाटगाडगं होतं.

दुसरी गोष्ट कूर्चेची. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं आवरण असतं. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो, त्यावर ती जगते. पायावर भार येतो आणि जातो, तसा स्पंजासारखा तो द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे सांधा नुसता बसवून ठेवला तर कूर्चेची उपासमार. हे ऐकलं आणि मला खाटेवर बसलेली आई दिसली. मी काही बोललो नाही. त्या मुलीला वाटलं असेल, काकांना नीट कळलं नाही.

मी वाद घातलाच. म्हटलं, ‘‘मी रोज शेतावर जातो. व्यायाम होतोच की.’’ ती म्हणाली, ‘‘कसे जाता?’’ ‘‘मोटारसायकलवर.’’ ‘‘तिथं काय करता?’’ ‘‘पाण्याचा कॉक फिरवतो.’’ ती हसली, मीही हसलो. पण पुढं ती जे बोलली ते मी अनेकांना सांगतो. जे खरोखर दिवसभर राबतात, त्यांचाही त्या राबण्यानं व्यायाम होतोच असं नाही. खुरपताना गुडघा तासन् तास दुमडलेला राहतो. यंत्रापुढं आठ तास उभं राहिलं तर पाय आखडतात. काम ज्या स्नायूला वापरतं त्यालाच पुन्हापुन्हा वापरतं. व्यायाम मात्र जो दुबळा आहे त्याला शोधून, मोजून, थोडाथोडा वाढवत द्यायचा असतो. श्रमानं माणूस दमतो, व्यायामानं तयार होतो.

आता व्यायाम कोणते, तर ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? पहिला, पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलाची घडी ठेवायची आणि गुडघ्यानं ती पाच सेकंद दाबून धरायची. असं दहा वेळा. दुसरा, उताणं झोपून एक पाय दुमडायचा आणि दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा. तिसरा, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. त्यानं कमरेच्या बाजूचे स्नायू भक्कम होतात, आणि चालताना गुडघा आत कलत नाही. चौथा, खुर्चीतून उठणं-बसणं. पाचवा, भिंतीला हात लावून टाचा उचलणं. पुढं पुढं घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधायची. मशीनचा शेकही तिनं पहिल्या दोन-तीन खेपांना दिला. म्हणाली, ‘‘यानं दुखणं थोडं बसेल, म्हणजे तुम्हाला व्यायाम करता येईल. बरं करायचं काम व्यायामाचं.’’ तीन महिन्यांत सहा वेळा नगरला यायचं, बाकी सगळं घरी. रोज वीस मिनिटं.

इतकं सोपं असूनही मी तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलं. पहिले आठ दिवस मांड्या ठणकल्या, मग घरात एक लग्न निघालं, मग पाहुणे. पुढच्या खेपेला तिनं विचारलं, ‘‘करताय ना रोज?’’ मी म्हटलं, ‘‘हो, जमेल तसं.’’ तिनं काही न बोलता खुर्ची पुढं केली. तीस सेकंद. पुन्हा सातच! मुलं गृहपाठाची वही घरी विसरल्याचं सांगायची तेव्हा मी कसा बघायचो, ते आठवलं.

ती रागावली नाही. दुखलं तर काय करायचं, हे तिनं पुन्हा सांगितलं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीएवढंच असेल तर तेवढंच चालू ठेवायचं. वाढलेलं असेल तर व्यायाम निम्मा करायचा, बंद नाही. नुसता कटकट आवाज येतो म्हणून थांबायचं कारण नाही. पण गुडघा एकदम सुजला, लाल-गरम झाला, ताप आला, मार लागल्यावर पाय टेकवेनासा झाला किंवा गुडघा मधेच अडकून बसला, तर मात्र व्यायाम नाही, आधी डॉक्टर. आणि वजनाचं एक गणित सांगितलं. जास्त वजनाच्या माणसांच्या गुडघ्यांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसाची पावलं किती, ती तुम्हीच मोजा. मी दुपारची दुसरी वाटी भात सोडला.

सहाव्या आठवड्यापर्यंत फरक असा वाटलाच नाही. नवव्या आठवड्यात नगरहून आलो, एसटीतून उतरलो, घरी पोचलो, चपला काढल्या आणि मग लक्षात आलं की आज पायरी उतरताना कशाला धरलं नाही. तीन महिन्यांनी खुर्चीची परीक्षा झाली. तेरा. गुडघा नवा झाला का? नाही. फोटो काढला तर झीज तेवढीच दिसेल. अजून मला फार वेळ मांडी घालून बसवत नाही आणि उकिडवं बसलो तर उठताना हात टेकावा लागतो. पण मी जिना चढतो, गोळी क्वचित घेतो आणि बांधावरून चालत जातो.

इथं माझी गोष्ट संपली असती. पण एका सकाळी मी खाटेवर टॉवेल दाबत होतो आणि आमच्या सौभाग्यवती भाकरी थापून उठत होत्या. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, तोंडानं ‘आई गं’. उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, ‘‘अहो, तुमचं झालं की तो टॉवेल टाका इकडं, धुवायला घ्यायचाय.’’

ते ‘आई गं’ मी किती वर्षं ऐकत होतो? निदान सात-आठ. माझ्या गुडघ्यासाठी पाला आला, पट्टा आला, पुण्याहून पिशवी आली, नगरच्या खेपा झाल्या. तिनं कधी तक्रार केली नाही आणि मी कधी विचारलं नाही. माझी रोजची वीस मिनिटं कुठून आली होती? पाणी तिनं भरलं, गाईची धार तिनं काढली, म्हणून मी खाटेवर पाय उचलत होतो. मी म्हटलं, ‘‘तूही चल नगरला.’’ तर उत्तर तयार, ‘‘मला काय धाड भरलीय? दिवसभर उठबस चाललेलीच असती. आणखी कसला व्यायाम?’’ म्हणजे जे मी त्या मुलीला म्हणालो होतो तेच. फरक एवढाच की हिचं खरं होतं.

दोन महिने गेले तिला तयार करण्यात. शेवटी वाटाण्याची तोडणी संपल्यावर आली. त्या मुलीनं तिला सगळा दिवस विचारला. पहाटे किती वाजता उठता, भाकरी बसून करता का, धार कशी काढता, फरशी कशी पुसता, वाटाणा तोडताना उकिडवं किती वेळ बसता? मी शेजारी बसून ऐकत होतो. ४० वर्षं एका घरात राहून तो दिवस असा सलग मी पहिल्यांदा ऐकला. खुर्चीवरून तिचं पाच वेळा झालं. तिच्या वयाला बारा हवं.

तिला व्यायाम माझेच दिले, पण आधी घर बदलायला लावलं. भाकरी आता गॅसच्या ओट्यावर, उभ्यानं. धार काढायला लाकडी स्टूल. फरशीला उभ्यानं पुसायचा दांडा. संडासात खुर्चीचं भांडं. रानात उकिडवं बसायचं तर दर थोड्या वेळानं उठून पाय सरळ करायचे, आणि जिथं ओळी मोकळ्या आहेत तिथं खुरप्याऐवजी सायकल कोळपं. यातलं फार महाग काही नाही. मग ती मुलगी माझ्याकडे वळली. ‘‘काका, काकूंना रोज वीस मिनिटं लागतील. ती कुठून काढायची ते तुम्ही सांगा.’’

तेव्हापासून सकाळचा चहा मी करतो आणि धार मी काढतो. गाय पहिले चार दिवस लाथा झाडत होती, आता तिनंही मान्य केलं आहे. हिचा व्यायाम कधीकधी बुडतो. घरात कुणी आजारी पडलं, कांदा काढणीला आला, की पहिला बळी त्याच वीस मिनिटांचा जातो. गेल्या खेपेला तिचं नऊ वेळा झालं. उठताना अजून ती भिंतीला हात लावते, पण नुसता टेकवते. ओढून उठत नाही.

आईच्या वेळी हे कुणी सांगायला नव्हतं. आज आहे. म्हणून एवढंच सांगतो. आता रेडिओ बंद कराल, तेव्हा आपापल्या घरात पाहा. भिंतीला धरून कोण उठतं? तिला किंवा त्याला ‘तू बस’ म्हणू नका. चांगल्या डॉक्टरांना दाखवा, शिकलेला फिजिओथेरपिस्ट गाठा, आणि त्या माणसाची वीस मिनिटं कोण सांभाळणार ते घरात बसून ठरवा.